उदारामची घंटा

मत्सर कुणाला कशाचा वाटेल याचा काही नेम नाही. कुणाला शेजाऱ्याच्या बैलजोडीचा वाटतो, कुणाला जावेच्या पाटल्यांचा. बोडीटोल्याच्या मिशनचा प्रचारक उदाराम, त्याला तो एका शिंदीच्या चटईवरून वाटायला लागला. आणि एकदा लागला तो काही केल्या सुटेना.

बोडीटोला हे गोंदियाकडच्या कामठ्याच्या पुढे, आत वळल्यावर लागणारं गाव. तेव्हा जिल्हा भंडाऱ्याचा होता आणि अंमल इंग्रजाचा. गावाचा तलाव मोठा. तलावाच्या अलीकडे मिशनचं कौलारू देऊळ आणि त्याला खेटून काही ख्रिस्ती घरं, पलीकडे सगळं गाव. देवळात बाकं नव्हती. ज्याची त्यानं शिंदीच्या पानांची चटई आणायची, उपासना झाली की गुंडाळून भिंतीशी उभी करायची आणि पुढच्या रविवारी नेमक्या त्याच जागी अंथरायची, अशी रीत होती. उदारामच्या आईची, धुरपताबाईची, चटई अगदी पुढे, उजव्या खांबाजवळ असे. उदाराम प्रवचनाला उभा राहिला की त्याची नजर पहिल्यांदा तिथे जायची. आईनं मान डोलावली की त्याला पुढचं सुचायचं.

ती चटई म्हातारीनं एका शनिवारी काखोटीला मारली आणि तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, चालत धाकट्या लेकाच्या, सुकरामच्या, घरी नेली. रविवारी संध्याकाळी ती परत आली, चटई आली नाही. माणूस काय, इकडचं तिकडे जातं आणि येतं. पण चटई हलली म्हणजे जागाच हलली, हे उदारामला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढच्या रविवारी उजव्या खांबाजवळची शेणानं सारवलेली रिकामी जमीन बघत त्यानं प्रवचन केलं आणि मध्येच दोनदा अडखळला.

आता हा सुकराम म्हणजे कोणी धर्म सोडलेला माणूस नव्हता. सोडला असता तर उदारामला एवढं लागलंही नसतं. बुडालेल्या भावासाठी रडता येतं, चारचौघांत उसासे टाकता येतात. सुकराम येशूचाच होता. फक्त देवळात येत नव्हता.

त्याचं असं झालं होतं. आदल्या साली भादव्यात पाऊस धरून बसला आणि रविवारी सकाळी तलावाची पाळ खचायला लागली. दवंडी पिटली गेली, सगळं गाव कुदळी-टोपली घेऊन धावलं. सुकरामही धावला. त्याच्या मागे मंडळीतली निम्मी माणसं गेली. दिवसभर माती टाकून टाकून त्यांनी पाळ वाचवली. इकडे देवळात उदाराम बायकामुलांपुढे प्रवचन करत होता. पुढच्या महिन्यात मिशनचे पाद्रीसाहेब फेरीला आले तेव्हा त्यांना ही हकीगत कुणी सांगितली? उदारामनंच सांगितली. त्याचं कामच होतं ते. पण सांगताना त्याला जरा बरंही वाटलं होतं, हे त्याला स्वतःला ठाऊक होतं.

साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि शब्बाथ, म्हणजे प्रभूचा विश्रांतीचा दिवस, मोडल्याची कबुली मागितली. बाकीचे पुटपुटले आणि बसले. सुकराम तेवढा बोलला, "साहेब, पाळ फुटली असती तं हे देऊळबी वाहून गेलं असतं. प्रभूनं पुसलं तं त्याले सांगीन. तुमाले कायले सांगू?" साहेबांनी त्याला पश्चात्ताप होईपर्यंत उभं राहायला सांगितलं. तो उपासना संपेपर्यंत उभा राहिला, उजव्या खांबाजवळ, आईच्या चटईच्या कडेला. तळहातावरचे कुदळीचे फोड तेवढे चाचपत होता. प्रार्थना झाली, तो बाहेर पडला आणि पुन्हा त्यानं उंबरा ओलांडला नाही.

गावाला वाटलं, हा आता परत जुन्या देवांकडे येणार. पाटलानं प्रसादाचा नारळही पाठवला. सुकरामनं नारळ हात जोडून परत केला आणि रविवारी आपल्याच अंगणात, मोहाच्या झाडाखाली, बायकोला समोर बसवून प्रार्थना सुरू केली. मग शेजारचा कवडू म्हातारा येऊन बसायला लागला. मग आणखी कोणी. वर्षभरात अंगण भरलं, आणि शेवटी चटई घेऊन धुरपताबाई गेली.

ती राहायची मात्र थोरल्याकडेच. थोरल्याच्या घरचं खायची, त्याच्या बायकोशी, रुख्मिणीशी, तिचं गूळपीठ होतं. तिचे गुडघे धरलेले, थंडीच्या पहाटे पाळीवरून चालवत नसे, म्हणून ती शनिवारी ऊन असतानाच हळूहळू पलीकडे जायची आणि रविवारी दिवस कलला की परतायची. म्हणजे आठवडाभर आई उदारामची आणि प्रभूच्या दिवशी सुकरामची. हीच वाटणी उदारामला सलायची. त्यानं भावासाठी रोज प्रार्थना केली, नाही असं नाही. प्रभू, माझ्या भावाला परत आण, असं तो म्हणायचा. मनातल्या मनात जोडायचा, आण, पण जरा नाक घासत आण.

एका रविवारी उपासना लवकर उरकून तो कालवड हरवल्याचं निमित्त करून पलीकडे गेला. सुकरामच्या कुंपणाआड उभा राहून त्यानं पाहिलं. प्रवचन असं काही चाललंच नव्हतं. जो तो आठवड्यात काय झालं ते सांगत होता. कवडू म्हातारा, जो उदारामच्या प्रवचनात पहिल्या वाक्याला पेंगायचा, तो इथे टक्क जागा राहून आपल्या रुसलेल्या सुनेची गोष्ट सांगत होता, आणि सगळे मिळून त्या सुनेसाठी प्रार्थना करत होते. मग गाणं झालं. चाल गावच्या दंडारीच्या नाचगाण्याची, शब्द प्रभूचे. ढोलकीवर थाप पडली आणि धुरपताबाई टाळ्या वाजवायला लागली. ती हसत होती. पडलेल्या दातांसकट, तोंड उघडून हसत होती. उदारामच्या देवळात ही बाई मान डोलावायची, डोळे पुसायची, पण कधी हसली नव्हती. तो तसाच मागे फिरला. घरी येऊन त्यानं कालवड सापडली नाही म्हणून सांगितलं, तेव्हा रुख्मिणी म्हणाली की ती सकाळपासून गोठ्यात बांधलेली आहे.

त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. आपण शिकलो, परीक्षा दिली, उन्हातान्हात गावोगाव हिंडलो, आणि आई हसते कुणाकडे, तर ज्याला धड वाचता येत नाही त्याच्याकडे. लहानपणीही असंच होतं. हंडीच्या तळाचं भाताचं खरपूड आई सुकरामला द्यायची, तो धाकटा म्हणून. उदाराम थोरला, त्याला समज होती. ती समज आता त्याला नकोशी झाली होती.

एवढं सगळं असलं तरी एक गोष्ट मात्र निर्विवाद त्याची होती, ती म्हणजे घंटा. गोंदियाच्या स्टेशनावरून बैलबंडीनं आणलेली ती घंटा देवळासमोर दोन सागाच्या खांबांत टांगली होती आणि तिचा दोर उदारामखेरीज कुणी ओढत नसे. रविवारी तीन घंटा व्हायच्या. पहिली अंघोळीची, दुसरी निघायची, तिसरी उपासनेची. हिवतापानं दात वाजत असतानाही तो गोधडी पांघरून दोराशी गेला होता. त्याची तान्ही पोर गेली, तिला शनिवारी मातीत ठेवलं, आणि रविवारी घंटा वेळेवर वाजली होती. सगळ्या गावाला हे माहीत होतं. गावाचा मालक मालगुजार, त्याचा कारभारीसुद्धा म्हणायचा की सूर्य एखादे दिवशी उशिरा येईल, उदाराम येणार नाही.

नाताळ जवळ आला होता. निदान त्या दिवशी तरी आईनं चटई घेऊन आपल्या देवळात बसावं, एवढीच उदारामची इच्छा उरली होती. रविवारी संध्याकाळी म्हातारी परत आली, जेवायला बसली, तेव्हा त्यानं विषय काढला. ती पाहू म्हणाली आणि जवसाच्या चटणीकडे वळली. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "तिकडं घड्याळ तं कोनाकडंच नाही. सगळे एका टायमाले कसे जमता मंग?"

"तुही घंटा आहे ना गा," धुरपताबाई सहज म्हणाली. "पहिलीले आंग धुतो, दुसरीले अंगनात येतो, तिसरी झाली का सुक्या डोळे मिटते."

उदारामनं उचललेला घास परत ताटात ठेवला. म्हणजे थंडीवाऱ्यात दोर ओढायचा आपण, तळहाताला घट्टे पाडून घ्यायचे आपण, आणि माणसं गोळा व्हायची सुकरामच्या अंगणात. आजवर आपण भावाच्याच मंडळीला बोलावत आलो. आपल्या देवळात येतात त्यापेक्षा जास्त माणसं आपली घंटा ऐकून तिकडे जातात. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. रुख्मिणीनं भात वाढू का विचारलं, त्यानं ताटातच हात धुतला.

पुढच्या रविवारी त्यानं घंटेच्या लोलकाला चिंधी बांधली. आवाज असा निघाला की त्याचीच माणसं उशिरा आली आणि रुख्मिणीनं घंटेला पडसं झालंय का म्हणून विचारलं. संध्याकाळी आई घरी आली ती म्हणाली, आज वारा उलटा असंल, घंटा हळू आली, पण आली. तेव्हा उदारामनं ठरवलं की नाताळाआधीच्या रविवारी घंटा वाजवायचीच नाही. वेळ कळली नाही की कोणी आधी येईल, कोणी नंतर, कोणी येणारच नाही. दोन रविवारांत त्या अंगणाचा बाजार उठेल आणि आई चटई घेऊन गुमान परत येईल. शनिवारी म्हातारी पाळीवरून दिसेनाशी झाल्यावर तो देवळाजवळच्या घरांत फिरला. दोर तुटलाय, उद्या ऊन अंगणात आलं की या, असं त्यानं सांगितलं. प्रचारक माणूस, सराईतासारखं खोटं बोलला.

रविवार उजाडला तो धुक्यात. तलाव दिसेना, पाळ दिसेना. पहिल्या घंटेची वेळ आली तशी उदारामचे हात दोरासाठी शिवशिवायला लागले. त्यानं हात बगलेत दाबून धरले आणि पडवीत खाटेवर बसून राहिला. दुसऱ्या घंटेची वेळ गेली. आता तिकडे गोंधळ उडाला असेल, सुकराम आभाळाकडे बघत असेल, या विचारानं त्याला आतून गुदगुल्या झाल्या. रुख्मिणीनं दाराशी येऊन एकदा लोंबत्या दोराकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि ती चुलीकडे गेली. मग तिसऱ्या घंटेची वेळही गेली. देवळाकडे अजून कोणी फिरकलं नव्हतं, कारण अंगणात ऊनच आलं नव्हतं.

तेवढ्यात पाळीच्या बाजूनं पावलं वाजली. एकदोघांची नाही, पुष्कळांची, आणि धावती. धुक्यातून आईचा आवाज आला, "उदा, ओ उदा." त्या हाकेनं उदाराम चरकला. एवढा घाबरा आवाज त्यानं बाप वारला त्या दिवशी ऐकला होता. पहिल्यांदा सुकराम दिसला, अनवाणी. त्याच्या मागे कवडू म्हातारा आणि आणखी तिघे, त्यांच्या खांद्यावर बांबू बांधलेली खाट होती. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं तर अशीच खाट न्यायची असते. त्यामागे बायका, आणि सगळ्यात शेवटी, दोघींच्या खांद्यांवर हात टाकून, गुडघे ओढत येणारी धुरपताबाई.

सगळं उदारामच्या ध्यानात आलं. घंटा वाजली नाही म्हणून त्यांचा गोंधळ झालाच नव्हता. घंटा वाजली नाही याचा त्यांनी एकच अर्थ काढला होता, की उदाराम मेला किंवा मरायला टेकला. आता काय करावं हे न सुचून त्यानं जे केलं ते लहान पोरानं करावं असं होतं. तो खाटेवर आडवा झाला आणि गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

म्हातारी आली ती थेट खाटेच्या कडेला बसली. गोधडी बाजूला करून तिनं त्याच्या कपाळाला हात लावला, मग गळ्याला, मग छातीवर ठेवला. हात बर्फासारखा गार होता. "ताप तं नाही," ती म्हणाली. "काय होऊन राहिलं बाप्पा तुले?"  उदारामची नजर आईच्या खांद्यावरून दाराबाहेर होती. बाहेर सुकराम घंटेपाशी गेला होता. त्यानं दोर हातात घेतला, वरपर्यंत पाहिला, जरासा ताणला. दोर धडधाकट होता. उदारामनं डोळे मिटले. आता सगळ्यांसमोर फजिती, आणि तीही याच्या तोंडून.

सुकराम पडवीत आला. थोरल्या भावाकडे त्यानं क्षणभर पाहिलं आणि मग लोकांकडे वळून म्हणाला, "दवानं दोर कुजला आहे. ओढला असता तं तुटूनच पडला असता. दादानं बरं केलं, नाही वाजवली."

माणसांनी हुश्श केलं. आणि उदारामच्या काळजाची आग आग झाली. आई घ्यायची यानं, माणसं घ्यायची यानं, हसू घ्यायचं यानं, आणि आता मोठं मनही यालाच असावं? आपल्यासाठी काही शिल्लक ठेवायचं की नाही? भावानं चारचौघांत वाभाडे काढले असते तर परवडलं असतं. त्याचं हे झाकून घेणं त्याला सोसवेना. पश्चात्तापानं नव्हे, निव्वळ मत्सरानं तो उठून बसला आणि खरं बोलला.

"दोर चांगला आहे. मीच नाही वाजवली."

"काऊन?" आईनं विचारलं.

"तुमी माह्या घंटेवर तिकडं जाऊन बसता म्हून."

 कवडू म्हाताऱ्यानं खांद्यावरची खाट खाली ठेवली आणि त्याच खाटेवर तो दम खात बसला. सुकराम जमिनीकडे बघत राहिला. रुख्मिणी पेजेचं पातेलं घेऊन बाहेर आली होती, ती दाराशीच थांबली.

"मले वाटलं तू गेला," धुरपताबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दुसरी झाली का सारे बसतात. मी नाही बसत. कोनालेबी पूस. मी उभीच राहतो तिसरीची वाट पाहत. तिसरी वाजून थांबली म्हंजे माहा उदा उठला, त्यानं दोर ओढला, तो चांगला आहे. मंग बसतो."

उदारामला हे माहीत नव्हतं. त्याला भरून आलं, आणि भरून येता येताच त्याच्या मनातलं लोभी पोर जागं झालं. ही सगळी माणसं आज आपल्या अंगणात आहेत. देवळाचं दार उघडं आहे. आई दोन पावलांवर आहे.

"मंग इथंच बस ना माय," तो म्हणाला. "चटई मी आनतो तुही."

म्हातारीनं देवळाच्या दाराकडे पाहिलं. आत उजव्या खांबाजवळची जमीन दिसत होती. तिनं नाही म्हणून मान हलवली. "त्याच जागी सुक्याले उभं ठेवलं होतं, बाप्पा. माह्या चटईले त्याचे पाय लागत होते. तिथं बसून मले डोळे मिटता येत नाहीत. तुह्यावर राग नाही माहा." मग ती खाटेचा आधार घेऊन उठली. "चल, वाजव आता. उशीर होऊन राहिला. आमी पोचतो तोपर्यंत वाजव."

ती निघाली. सुकरामनं तिला त्याच आणलेल्या खाटेवर बसायला सांगितलं, पण तिनं ऐकलं नाही. खाट मेल्याची असते म्हणाली, आणि दोघींच्या खांद्यांवर हात टाकून पाळीकडे चालू लागली. पाठोपाठ सगळे गेले. थोड्या अंतरावर धुक्यानं त्यांना गिळलं.

उदाराम दोराशी गेला आणि वाजवू लागला. पहिली कुठली, दुसरी कुठली, तिसरी कुठली, काही ठेवलं नाही त्यानं. देवळाजवळच्या घरांतली माणसं चटया घेऊन बाहेर आली आणि दोर जोडलात का म्हणून विचारू लागली.  तो आईची चाल मोजत होता. आता ती पाळीच्या वळणावर दम खायला थांबली असेल. आता करंजाच्या झाडाखालून गेली असेल. आता उतार लागला असेल, उताराला तिचे गुडघे जास्त दुखतात. आता अंगण.

रुख्मिणी जवळ येऊन उभी राहिली. "पोचल्या असतील आता," ती म्हणाली. "सोडा."

त्यानं सोडला नाही. त्याला एक गोष्ट उमगली होती आणि ती त्याला फार गोड लागली होती. घंटा वाजते आहे तोवर ती बसणार नाही. त्या अंगणात, मोहाच्या झाडाखाली, सगळी बसलेली असतील, सुकराम डोळे मिटायला टपला असेल, आणि ती उभी असेल, इकडे कान लावून. दोर हलतो आहे तोवर ती त्याची एकट्याची होती. सुकरामला ती मिळणार नव्हती, ढोलकीला नाही, कवडूच्या सुनेच्या गोष्टीलाही नाही. तो ओढत राहिला. हात भरून आले, जुना घट्टा सोलवटला, दोराला रक्त लागलं, तरी ओढत राहिला.

मग त्याला तिचे गुडघे आठवले. एवढं चालून आलेले, धुक्यातून परत गेलेले, आणि अजून उभे. त्यानं आणखी एकदा दोर ओढला, नीट, तिसऱ्या घंटेचा शेवटचा ओढतात तसा, आणि मग तिला बसता यावं म्हणून तो सोडून दिला.